शिट्टीविना सामना

आमच्या गल्लीत उलटं चालणारा एकच माणूस होता. भल्या सकाळी, खांद्यावर पाण्याच्या व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी घेऊन, तो तालमीच्या दारापासून वरच्या पिंपळापर्यंत पाठमोरा चालत जायचा. नव्या माणसाला वाटायचं, ह्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. मलाही तसंच वाटलं होतं. साताऱ्याहून येऊन मी गल्लीच्या तोंडाशी चहापावडरीचं दुकान टाकलं. पहिल्याच सकाळी शटर वर करतो, तर एक सावळा, शिडशिडीत माणूस माझ्याकडं पाठ करून थेट माझ्या पायरीपर्यंत आला. पायरीच्या बोटभर अलीकडं थांबला, वळला, वर बघितलं आणि म्हणाला, "पावणं, बोर्ड वाकडा लागलाय तुमचा."

बोर्ड खरंच वाकडा होता. राग मला त्याचा नाही, त्या 'पावणं'चा आला. पुढं आम्ही इतकी वर्षं समोरासमोर काढली, एकमेकांच्या पोरींची नावं एकमेकांना विचारून ठेवली, तरी त्यांच्या लेखी मी पावणंच राहिलो. बरं, स्वतः तरी ते कुठले कोल्हापूरचे? नेसरीचे, पोरवयात इथल्या वस्तीत आलेले. पण आधी आला तो घरचा आणि मागनं आला तो पावणा, असा त्यांचा सरळ न्याय होता.

नाव दिनकर कांबळे. गल्लीचे दिनूआण्णा. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावी फिरवायचं काम. पिंपळाखालच्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, आमच्या गल्लीला सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करून पुढच्या गल्लीला जायचं. ही त्यांची नोकरी. आणि हंगाम आला की पेठेच्या फुटबॉलचे ते पंच. उलटं चालणं त्यासाठीच. पंचाला चेंडूकडं तोंड ठेवून मागं पळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गणपतीच्या मिरवणुकीत ह्याचा फार उपयोग व्हायचा. आमची अरुंद गल्ली, त्यात ती डुलणारी ट्रॉली; आण्णा तिच्याकडं तोंड करून, दोन्ही हातांनी डावं-उजवं दाखवत, पाठमोरे पुढं चालायचे. कुणाच्या घराच्या पत्र्याला कधी ओरखडा उठला नाही.

तोंडावर कौतुक करावं असं मात्र ह्या माणसात फार नव्हतं. माझ्या दुकानासमोर राहून त्यांनी जन्मात चहा घेतला नाही. मी फुकट पुडी दिली तर वहिनींसाठी न्यायचे आणि वर सांगायचे, "ह्यानं दम कमी होतोय." संध्याकाळी कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढून पेला हातात देतात, तिथं उभं राहून फेसाळ दूध प्यायचे आणि मिशीला लागलेला फेस तसाच ठेवून माझ्या दुकानावर यायचे, मला खिजवायला. कोल्हापुरात राहून तिखट खात नसत. जेवणाच्या पंगतीत तांबड्या रश्श्याची बादली आली की ताटावर हात आडवा. नुसता पांढरा रस्सा ओरपायचे. तालमीचा बापू म्हणायचा, आण्णांचं नाव कोल्हापूरच्या रेशनकार्डावरनं काढलं पाहिजे. आण्णांचं उत्तर ठरलेलं: "उद्या पळायचं हाय."

पाण्याच्या बाबतीत तर हा माणूस वैतागच होता. सगळ्या गल्ल्यांना सारखं पाणी, मिनिटाचाही फरक नाही. बापूच्या बहिणीचं लग्न दारात होतं. बापू म्हणजे वरच्या तालमीचा त्या वेळचा कॅप्टन, पुढं वस्ताद. त्याचा शब्द पेठेत कुणी खाली पडू देत नसे. तो आण्णांना म्हणाला, मंडप भरलाय, आज जरा जादा सोडा. आण्णांनी नेहमीच्या वेळी चावी फिरवली आणि चालू लागले. बापूनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थोड्या वेळानं बघतो तर आण्णा स्वतःच्या घरातलं भरून ठेवलेलं पाणी, घागरीमागून घागर, मंडपात आणून ओततायत. मागं त्यांची बायको, सुलावहिनी, कळशी घेऊन. त्या दिवशी त्यांच्या घरात प्यायलासुद्धा पाणी उरलं नाही, शेवटी माझ्या घरनं तांब्या गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो, त्यांच्या शिट्टीची.

पेठेत दोन तालमी, वरची आणि खालची. मध्ये मंडई. दोन्हींचे फुटबॉलचे संघ आणि दोन्हींची डोकी गरम. सामना म्हटलं की बायका घरातले दगडी वरवंटेसुद्धा लपवून ठेवायच्या, अशी चेष्टा होती. पंच कुठलाही आणा, निम्म्या मैदानाला त्याचा संशय. आण्णांचा मात्र दोघांनाही संशय नव्हता. ते ना वरचे ना खालचे. बौद्ध माणूस, त्यांच्या पोरवयात दोन्ही तालमींनी त्यांना आखाड्यात उतरू दिलं नव्हतं, मग ओढा कुणाकडं असणार? हे बापू मला हसत हसत सांगायचा. आण्णा हे ऐकून हसत नसत.

शिट्टी ते गळ्यात घालत नसत. काळ्या दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या आतल्या खिशात. मैदानाच्या रेषेच्या आत पाय पडला की बाहेर काढायची, रेषेबाहेर आलं की आत. गल्लीतली पोरं मागं लागायची, आण्णा एकदा वाजवून दावा. तर म्हणायचे, "देवळातली घंटा न्हाय ती, येताजाता वाजवायला."

आणि फाऊल दिला की खेळ लगेच सुरू होत नसे. आण्णा फाऊल करणाऱ्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "पटलं का?" त्यानं हात वर करून "पटलं" म्हणायचं, मगच पुढचा फटका. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं. बाहेरगावचे संघ चिडायचे, प्रेक्षक ओरडायचे, सामने लांबायचे. पण आण्णा हटायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की फाऊल केला हे पंचाच्या आधी करणाऱ्याला कळलेलं असतं. शिट्टी काय, बहिऱ्यालाही वाजवता येते. हळूहळू पेठेला सवयच लागली. पुढं पुढं पोरं शिट्टीच्या आधी हात वर करायची. गल्लीत नवरा-बायकोचं भांडण झालं, दोन भावांचं वाटणीवरनं वाजलं, तरी कुणीतरी चेष्टेनं विचारायचं, "पटलं का?" आणि निम्मं भांडण तिथंच मिटायचं.

एकदा भर सामन्यात कुंपणापलीकडून कुणीतरी आण्णांना जातीवरनं शिवी हासडली. मोठ्यानं. सगळ्या मैदानानं ऐकली. आण्णांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, पण बापू मैदानाच्या मध्यावर थांबला आणि त्यानं हात वर केला. आवाज वरच्या तालमीच्या बाजूनं आला होता, म्हणजे फाऊल आमचा, असं त्याला म्हणायचं होतं. मला वाटलं, आता आण्णांचा गळा भरून येणार. कसलं काय. ते बापूसमोर गेले आणि म्हणाले, "हात खाली घे बापू. ज्याचा फाऊल त्यानंच हात वर करायचा." आणि चेंडू पायाखाली धरून उभे राहिले. कुणाकडंही न बघता. बराच वेळ गेला. मग कुंपणाच्या गर्दीत, मागल्या रांगेत, खांद्याएवढा वर असा एक हात दिसला. आण्णांनी तिथूनच विचारलं, पटलं का. उत्तर मला ऐकू आलं नाही, पण त्यांना आलं असावं. त्यांनी शिट्टी वाजवली.

हे सगळं मी आज इतकं रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायला जीभ उचलत नाही.

आण्णांच्या घराला लागून, मधली भिंत एकच, असं आक्काताईचं घर. नवरा लवकर गेला. मंडईत भाजी विकून तिनं एकुलता एक पोरगा वाढवला. सुन्या. ह्या सुन्यानं लहानपणापासनं त्या भिंतीवर चेंडू मारून मारून आण्णांच्या घरातली मांडणीवरची भांडी पाडली. वहिनी ओरडायच्या, आण्णा म्हणायचे, मारू दे, डावा पाय तयार व्हायलाय. पुढं तेच त्याला पहाटे मैदानावर न्यायला लागले. पोरगा खरोखर खेळायचा. त्याच्या पायात चेंडू आला की खालच्या तालमीचे लोकसुद्धा शिव्या द्यायचे विसरायचे. आण्णांना पोरगा नव्हता, दोन पोरी. सुन्याचा सामना असला की त्यांच्या चेहऱ्यावर पंच कमी आणि बाप जास्त दिसायचा, असं मला वाटायचं. तसं नव्हतं, हे मला त्या फायनलला कळलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वरची तालीम विरुद्ध खालची. गोव्याच्या एका मोठ्या क्लबची माणसं सुन्याला बघायला येऊन बसली होती, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. आक्काताईनं तर देवाला नारळ बोलला होता. खेळ सुरू झाला आणि खालच्या तालमीच्या एका पोरानं सुन्याला दोनदा खाली पाडलं. दोन्ही वेळा त्यानं हात वर केला, "पटलं" म्हणाला, फटका झाला. पण सुन्याचं टाळकं फिरलं. पुढच्या वेळी चेंडू बाजूला होता आणि सुन्यानं दोन्ही पाय उचलून सरळ त्या पोराच्या गुडघ्यावर उडी टाकली. पोरगा ओरडून आडवा झाला. आण्णांनी लाल कार्ड काढलं.

"पटलं का?"

सुन्या म्हणाला, "न्हाय पटलं."

असं मैदानावर पूर्वी कुणी म्हटलं नव्हतं. आण्णा थांबले. मैदान हुल्लड करायला लागलं तरी थांबले. सुन्यानं अंगातली जर्सी काढली, जमिनीवर आपटली आणि निघून गेला. आण्णांनी ती उचलली, धूळ झटकली, घडी घातली आणि बापूच्या हातात दिली. मगच खेळ सुरू झाला. गोव्याच्या माणसांनी शेवटी खालच्या तालमीचा एक पोरगा पसंत केला.

नंतरचे काही दिवस सुन्या घरातनं बाहेर पडला नाही. भिंतीवरचा चेंडूचा आवाज बंद झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याच्या कानात काय काय भरलं, ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. आण्णांनी तुझ्या जन्माची वाट लावली, हे होतंच. शिवाय ते कुठल्या वस्तीचे, आपल्या पोराचं भलं त्यांना कसं बघवंल, असंही कुणीतरी बोललं. आक्काताई मला रडत सांगायची, पोरगं जेवत नाही.

मग एका सकाळी, अजून उजाडायचं होतं, आण्णा पिंपळाखाली वाकून व्हॉल्व्ह फिरवत होते. पाणी सोडून झालं होतं. सुन्या मागनं आला. त्याच्या हातात चाकू होता. पाठीत एक, आणि आण्णा वळले तेव्हा पोटात एक. दूध घेऊन येणाऱ्या बाईनं बघितलं आणि ती ओरडली. आम्ही पोचलो तेव्हा आण्णा चेंबरच्या कडेला बसले होते, आडवे नव्हते. बापूनं त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा ते पोचले नाहीत. सुन्या त्या दिवशी संध्याकाळी पन्हाळ्यावर सापडला. पोलिसांना म्हणाला, मीच मारलं. पुढं त्याला जन्मठेप झाली.

त्या दिवशी आमच्या गल्लीला दुपार उलटेपर्यंत पाणी होतं. व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता आणि चावी पोलिसांनी पंचनाम्यात नेली होती. सगळे नळ वाहत होते. घागरी, बादल्या, पिंपं भरून वाहिली, पाणी पायऱ्यांवरनं उतरून गटारात गेलं, माझ्या दुकानासमोर तळं साचलं. एरवी एका कळशीवरनं डोकी फोडणारी आमची गल्ली. त्या दिवशी कुणी नळ बंद करायला उठलं नाही. दुपारनंतर महापालिकेचा दुसरा माणूस आला आणि त्यानं पाणी तोडलं. माझ्या बायकोनं तेव्हा कुठं पहिल्यांदा हंबरडा फोडला.

पंचगंगेच्या घाटावर सगळी पेठ होती, वरची खालची दोन्ही. आण्णांच्या जुन्या बौद्ध वस्तीतली माणसंही झाडून आली होती. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, त्यांच्यामागं सगळ्यांनी हात जोडून म्हटलं. ज्यांना येत नव्हतं त्यांनी नुसते ओठ हलवले, मीही त्यातलाच. आणि तिथून परत येताना पोरांचं डोकं फिरलं. वस्तीतली पोरं आणि तालमीतली पोरं, पहिल्यांदाच एकत्र, आक्काताईच्या दारात जमली. कुणाच्या तरी हातात रॉकेलचा डबा होता. आक्काताई आत कडी लावून बसली होती. बापू त्यांना थांबवत नव्हता. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना थांबवावं असं वाटणारं माणूसच गल्लीत उरलं नव्हतं.

सुलावहिनी घाटावरनं दोन्ही पोरींना घेऊन मागनं चालत येत होत्या. त्यांनी पोरींना माझ्या बायकोजवळ दिलं, गर्दीतनं वाट काढली आणि आक्काताईच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्ता घाटावर हात जोडून काय म्हणलासा?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"पयलं शील काय हाय? सांगा की कुणीतरी."

वस्तीतला एक पोरगा खाली बघत पुटपुटला, जिवंत माणसाला, जनावराला मारणार नाही, असं आहे ते.

"मग घरला जावा," वहिनी म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या. गर्दी पांगेपर्यंत उठल्या नाहीत.

पण म्हणून त्यांनी आक्काताईला जवळ केलं असं कुणी समजू नये. वहिनी देवता नव्हत्या. आपला माणूस गेलेला. त्यांनी त्यानंतर वर्षभर आक्काताईकडं मान वर करून बघितलं नाही. मधली भिंत एक, नळ एक, तरी नाही. आणि वहिनींचं बघून गल्लीनं तेच केलं. आमच्या नळावर भांडण म्हणजे रोजचा राम राम. घागर पुढं सरकवली म्हणून, मागं सरकवली म्हणून, नुसतं बघितलं म्हणूनसुद्धा. आक्काताई घागर घेऊन आली की मात्र सगळ्या बायका गप बाजूला व्हायच्या, तिला पहिला नंबर द्यायच्या. ती भरून जाईपर्यंत कुणी शब्द काढत नसे. आमच्याकडं माणूस वाळीत टाकायची ह्याहून वाईट रीत नाही. आक्काताई पुढं पुढं दुपारच्या उन्हात कुणी नसताना थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली कळशी लावून बसायला लागली.

वर्ष होत आलं तेव्हा बापूनं तालमीत बैठक बोलावली. आण्णांच्या नावानं काहीतरी झालंच पाहिजे, ह्यावर एकमत होतं; काय, ह्यावर गोंधळ. कुणी म्हणालं चौकाला नाव द्या. कुणी म्हणालं कमान उभारा. खालच्या तालमीनं निरोप पाठवला की कमान होणार असेल तर आमच्याही बाजूनं एक होईल. म्हणजे आण्णांच्या नावानंही चुरस सुरूच. एकानं पुतळ्याचा विषय काढला, शिट्टी वाजवतानाच्या. मला इतका संताप आला की मी म्हटलं, पुतळ्याला विचारून बघा आधी, पटलं का म्हणून. शेवटी बापू म्हणाला, वहिनींना विचारू.

वहिनींना तालमीत बोलावून खुर्ची दिली. वरच्या तालमीत बाईमाणूस येऊन बसल्याचं माझ्या आठवणीत तरी तेच पहिलं. त्या समोरच्या लाल मातीच्या आखाड्याकडं आणि भिंतीवर लावलेल्या आण्णांच्या फोटोकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कमान नगं. एक मॅच घ्या दोन्ही तालमींची. आन् पंच ठेवू नगासा. ज्यानं फाऊल केला, त्यानं आपणहून हात वर करायचा."

बापू हबकला. "वहिनी, डोकी फुटतील. रगत सांडंल मैदानावर."

"सांडलं तर ह्यांचा हितला फोटो भिंतीवरनं उतरून माझ्या घरी आणून द्या. परत तालमीत लावू नगासा. म्हंजे एवढी वर्सं त्यांनी नुसती शिट्टीच वाजवली असं समजंन मी."

झालं. आता मागं फिरायची सोय नव्हती. फौजदार म्हणाले, पंच नाही तर मॅच कसली, परवानगी देत नाही. बापू आणि खालच्या तालमीचे वस्ताद दोघं मिळून त्यांच्यासमोर जाऊन बसले. हे दोघं एका बाकावर बसलेले बघूनच फौजदारांचा विचार बदलला असावा. बंदोबस्त मात्र असा ठेवला, की प्रेक्षकांपेक्षा लाठ्या जास्त.

मैदान भरलं होतं. वहिनी पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. आण्णांची शिट्टी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली होती आणि ते टोक मुठीत धरलं होतं. मी गोलच्या मागं, बापूशेजारी.

पहिली पंचाईत अशी झाली, की शिट्टीशिवाय खेळ सुरू कसा करायचा हेच कुणाला कळेना. दोन्ही संघ चेंडूभोवती उभे. शेवटी खालच्या तालमीचा कॅप्टन आमच्या राजूला म्हणाला, "चल की भावा," आणि चेंडू सरकवला. राजू बापूचा पुतण्या, आमचा कॅप्टन. थोड्याच वेळात खालच्या एका पोरानं आमच्या पोराला मागनं पाय घातला. खेळ थांबला. तो पोरगा आभाळाकडं बघायला लागला. सगळं मैदान त्याच्याकडं बघतंय आणि हा ढग मोजतोय. तेवढ्यात पाठीमागनं त्याच्याच गोलकीपरनं आवाज दिला, "हात वर कर की लेका, गाव बघालंय!" त्यानं हात वर केला आणि हळूच म्हणाला, पटलं. सगळे हसले. पोलिससुद्धा हसले. त्यानंतर खेळ सुरळीत झाला. फार चांगला झाला असं नाही. पोरं भीतभीत खेळत होती, कुणाला आपला धक्का लागू नये म्हणून. पण हात वर होत राहिले.

बरोबरी होती. शेवट जवळ आला होता. आमच्या गोलसमोर दोन्हीकडच्या पोरांची दाटी झाली, धूळ उडाली, चेंडू कुणाला तरी लागून बाहेर गेला. मी गोलच्या अगदी मागं होतो, मला काही दिसलं नाही. बापूला दिसलं नाही. खालच्या तालमीच्या एकाही पोरानं दाद मागितली नाही. सगळे चेंडूमागं निघाले होते आणि राजू जागच्या जागी उभा, उजवा हात वर.

"हँड झाला माझा," तो म्हणाला. "पटलं."

बापूच्या तोंडून एक शिवी निसटली, अस्सल कोल्हापुरी. आणि लगेच त्यानं डोळ्यांवर टॉवेल धरला. पेनल्टी. काही लोकांना वाटलं, आता खालचा पोरगा मोठेपणा दाखवून चेंडू मुद्दाम बाहेर मारणार. त्यानं तसलं काही केलं नाही. नीट गोल मारला. बरोबर केलं, आण्णांना तो मोठेपणा चालला नसता. आम्ही हरलो.

लोक मैदानात उतरायला लागले. दोन्ही वस्ताद वहिनींकडं नारळ घेऊन निघाले होते. इतक्यात बायकांच्या बाजूला, शेवटच्या पायरीवरनं, आक्काताई उठली. ती आली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. डोक्यावरनं पदर, चपला हातात. ती चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आली, चपला खाली ठेवल्या आणि हात वर केला. नुसता हात वर. तिला बघून गर्दी जागेवर थांबली. मग कसंबसं म्हणाली, "माझ्या पोराचा फाऊल."

वहिनी उठल्या. आक्काताईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वर्षभरानं त्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघितलं. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. मला आतून भीती वाटत होती, की आता वहिनी मारतील तिला. मारलं असतं तरी आम्ही कुणी बोललो नसतो. त्यांनी तो वर केलेला हात मनगटाला धरला आणि खाली घेतला.

"हात खाली घ्या आक्का," त्या म्हणाल्या. "ज्याचा फाऊल त्यानंच हात वर करायचा."

मैदानात ज्यांनी ज्यांनी आण्णांना पंच म्हणून बघितलं होतं, त्या सगळ्यांना ते शब्द माहीत होते. बापू टॉवेल तोंडात धरून खाली बसला. मी काय केलं ते मला आठवत नाही. वहिनींनी आक्काताईच्या चपला उचलून तिच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाल्या, "चला, पाणी यायची वेळ झाली." दोघी पुढं-मागं चालत घरी गेल्या. बोलत नव्हत्या. त्या पुढंही फार कधी बोलल्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तर नळावर कालवा ऐकू आला. आक्काताईनं घागर मध्येच घातली म्हणून कुणीतरी तिच्याशी कडाकडा भांडत होतं, आणि आक्काताईही कमी नव्हती. मी शटर अर्धवट सोडून ऐकत उभा राहिलो. बरं वाटलं.

आण्णांचा फोटो तालमीतच आहे. मॅच दर वर्षी होते, अजून पंच नसतो. एखाद्या वर्षी बाचाबाची होते, एखादा हात वर व्हायला वेळ लागतो, पण होतो. आता त्यातल्या निम्म्या पोरांनी आण्णांना बघितलेलंही नाही. हल्ली मोठा डिजिटल बोर्ड लावतात, त्यावर पुढाऱ्यांच्या गर्दीत आण्णा कोपऱ्यात असतात. सुन्या आत आहे. सुटून येईल तेव्हा काय करील, हे मला माहीत नाही. वहिनींना विचारायची माझी छाती नाही.

मी आण्णांशी शेवटचं बोललो ते, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. कट्ट्यावर दूध प्यायला निघाले होते, माझ्या पायरीशी थांबले. मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो. म्हटलं, आण्णा, त्या पोराच्या जन्माचा प्रश्न होता, गोव्याची माणसं बसली होती समोर, ती दिसली नाहीत का तुम्हाला?

"न्हाय दिसली," ते म्हणाले. "रेषेच्या भायेरचं मला दिसत न्हाय पावणं."

मग त्यांना वाटलं असावं, जरा तोडून बोललो. चालायला लागले होते, पण माझ्याकडं वळले आणि बोलत बोलत तसेच पाठमोरे वर जायला लागले. म्हणाले, त्या खालच्या पोराचा गुडघा गेला असता तर त्याच्या आईनं काय केलं असतं. म्हणाले, सुन्याचा डावा पाय लाखात एक आहे, गोवा पुढच्या वर्षीही येईल, त्याला परत पहाटे घेऊन जाणार. गल्लीतली पोरं त्यांच्या वाटेतनं बाजूला होत होती.

"अजून पटलं म्हणला न्हाय त्यो," वरनं त्यांचा आवाज आला. "उद्या पाणी सोडून झालं की जातो त्याच्याकडं."

जाणाऱ्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. आण्णांचं तोंड दिसत होतं, पिंपळाच्या वळणापर्यंत.